विलीस की फोर्ड? जुनी जीप घेण्याआधी

प्रश्न: विकणारा '१९४३ची फोर्ड जीपीडब्ल्यू' म्हणतोय. ओळखायची कशी? स्टार्टरही रडतखडत फिरतो.

उत्तर: दोन्ही दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीप, दिसायला जवळपास सारख्या: विलीसची 'एमबी', फोर्डची 'जीपीडब्ल्यू'. रेडिएटरखाली वाकून बघा. चॅसीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीस एमबी, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. फोर्डच्या बोल्टांवर 'एफ' असतो, पण बोल्ट काय, कुठलेही बसवता येतात. पुढच्या जाळीला ९ फटी हव्यात. ७ म्हणजे युद्धानंतरची जीप, बहुधा नागरी 'सीजे' मॉडेल.

उत्तर: चॅसी नंबर आरसीशी जुळवाच. फोर्डचा डाव्या चॅसीपट्टीवर, इंजिन माउंटजवळ ठोकलेला असतो. रंगाखाली दडला असेल तर ग्राइंडर अजिबात नको. थिनर आणि चिंधी.

उत्तर: मूळ वायरिंग ६ व्होल्टचं, त्यामुळे करंट १२ व्होल्टच्या दुप्पट. १२ व्होल्टवाली बारीक केबल टाकली की स्टार्टर मंदावणारच. जाड केबल टाका, अर्थिंगचा जोड घासून लख्ख करा.