'हस्तक्षेप', 'ढवळाढवळ' की 'तैनाती फौज'? निकाराग्वाच्या निमित्ताने

धागाकर्ती: मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या देशावरचा एक मोठा लेख मराठीत करतेय. इंग्रजीत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शब्द: 'इंटरव्हेन्शन'. १९१२ला अमेरिकेचे मरीन (नौदलासोबतचे सैनिक) उतरले, तेही तेच. १९८४ला सीआयएने बंदरांत सुरुंग पेरले, तेही तेच. मी इमानाने 'हस्तक्षेप' लिहीत गेले. आता वाचताना वाटतंय, सासूबाईंनी सुनेच्या आमटीत मीठ घातलं, इतपतच काहीतरी घडलं असावं. दुसरा शब्द आहे का? शिवाय ऐंशीच्या दशकात तिथल्या डाव्या सान्दिनिस्ता सरकारशी लढणारे, अमेरिकेने पोसलेले बंडखोर म्हणजे 'कॉन्ट्रा'; हा शब्द तसाच ठेवायचा का? आणि अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन त्यांना 'फ्रीडम फायटर्स' म्हणायचे, त्याचं काय करू?

प्रतिसाद: ढवळाढवळ! हस्तक्षेप कोर्टाचाही असतो, 'न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर रस्ता दुरुस्त' ही बातमी आपण आनंदाने वाचतो. ढवळाढवळ कधीच चांगली नसते.

धागाकर्ती: तीच तर अडचण. लेखक मुद्दाम तटस्थ राहिलाय. मी ढवळाढवळ लिहिलं की निकाल मीच दिला.

प्रतिसाद (इतिहासाचा मास्तर): ताई, १९१२साठी शब्द घरातच आहे: तैनाती फौज. निकाराग्वाचे अध्यक्ष आदोल्फो दियास यांच्याविरुद्ध बंड झालं, तेव्हा त्यांनीच अमेरिकेकडे सैन्य मागितलं. बंडाचे पुढारी बेंजामिन सेलेदोन ऑक्टोबरात मारले गेले. बरेचसे मरीन परत गेले, पण शंभरएक राजधानी मानाग्वात राहिले ते १९२५पर्यंत, वकिलातीची राखण म्हणून. शंभर माणसांनी देश राखता येत नाही. पण ती रोज रस्त्यात दिसत राहिली की बंडाचा विचार करणारा कचरतो. जकातीची वसुलीही अमेरिकेच्या पसंतीच्या अधिकाऱ्याकडे. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ला वसईत वेगळं काय केलं?

प्रतिसाद: सर, जरा थांबा. वसईच्या तहात फौजेच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांचा मुलूख तोडून दिला होता. उरावर बसणाऱ्याचा पगारही आपणच द्यायचा, ही तैनाती फौजेची खरी गोम. मरीनांचा पगार वॉशिंग्टन देत होतं. जकात गेली ती अमेरिकी बँकांच्या कर्जापोटी. आणि 'तैनाती फौज' वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा येतो, मानाग्वा येत नाही. उपमा म्हणून एकदा चालेल, संज्ञा म्हणून नको.

इतिहासाचा मास्तर: पगाराचा मुद्दा बिनतोड, मागे घेतो. पण 'बोलावणं' सोडू नका, ते या देशाचं जुनं दुखणं आहे. विल्यम वॉकर नावाचा अमेरिकी भाडोत्री सेनानी १८५५ला निकाराग्वात आला तो लेओन शहरातल्या उदारमतवाद्यांनी बोलावला म्हणून. वर्षभरात स्वतःच अध्यक्ष होऊन बसला आणि बंद झालेली गुलामगिरी त्याने पुन्हा कायदेशीर केली. त्याला बोलावणारे ते राघोबादादांचे लेओनी भाऊबंद! १८६०ला होंडुरासात त्याला गोळ्या घातल्या. अवांतर: असल्या स्वाऱ्या करणाऱ्यांना तेव्हा 'फिलिबस्टर' म्हणत. मूळ डच शब्द लुटारू या अर्थाचा. आज तोच शब्द अमेरिकी सिनेटात लांबण लावून विधेयक अडवण्याला वापरतात.

प्रतिसाद (वकील): मूळ प्रश्नावर येतो. निकाराग्वाने अमेरिकेला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, त्याचा निकाल २७ जून १९८६चा. अध्यक्ष होते आपले नागेंद्र सिंह. तो निकाल म्हणजे अर्धी शब्दचर्चाच आहे. कॉन्ट्रांना नुसते पैसे देणं हा अंतर्गत कारभारातला हस्तक्षेप, पण बळाचा वापर नव्हे. शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं मात्र हस्तक्षेप तर आहेच, शिवाय बळाच्या वापरावरच्या बंदीचाही भंग. सुरुंग पेरणं हा तर थेट बळाचा वापर. म्हणजे 'हस्तक्षेप' हा मिळमिळीत शब्द नाही, ती कायद्यातली वेगळी पायरी आहे. ती तशीच ठेवा, आणि जिथे सैनिक किंवा सुरुंग आहेत तिथे ते नाव घेऊन लिहा: 'मरीन उतरवले', 'सुरुंग पेरले'. क्रियापद नेमकं असलं की नामाला ओरडावं लागत नाही.

आणखी एक. कॉन्ट्रांना 'अमेरिकेचे हस्तक' लिहू नका, निदान कोर्टाच्या तोंडी घालू नका. कॉन्ट्रांनी केलेलं प्रत्येक कृत्य अमेरिकेच्या खात्यावर टाकायला कोर्टाने नकार दिला, कारण त्या त्या कृत्यावर प्रत्यक्ष नियंत्रण सिद्ध झालं नाही. हस्तक्षेप सिद्ध, हस्तक असिद्ध! हा फरक इंग्रजीत इतका सुरेख दाखवता आला नसता.

प्रतिसाद (निवृत्त बँकवाला): 'कॉन्ट्रा' तसाच ठेवा. स्पॅनिशमधल्या 'प्रतिक्रांतिकारक' या लांबलचक शब्दाचं ते तोडलेलं रूप, सान्दिनिस्तांनी दिलेलं. ते स्वतःला 'कोमांदो' म्हणवत. आम्हाला मात्र कॉन्ट्रा म्हटलं की रोख आणि बँक यांच्यातली नोंद आठवते, या खिशातलं त्या खिशात. इराणला शस्त्रं विकून अमेरिकेकडे आलेला पैसा कॉन्ट्रांकडे वळवल्याचं नोव्हेंबर १९८६मध्ये बाहेर आलं, ती नोंद तेवढी कुठल्या वहीत नव्हती.

धागाकर्ती: काका, हे तळटीपेत चोरणार आहे! 'फ्रीडम फायटर्स'ला 'स्वातंत्र्यसैनिक' लिहून बघितलं, हात धजेना. आमच्या आजोबांचा ताम्रपट भिंतीवर आहे.

वकील: अवतरणात 'स्वातंत्र्ययोद्धे' लिहा, आणि 'रेगन यांच्या शब्दांत' हे जोडा. ते मत त्यांचंच राहू द्या.

धागाकर्ती: चालेल. शेवटचं: १९२७पासून मरीनांशी लढलेल्या आउगुस्तो सान्दिनोला अमेरिकी कागदांत 'बँडिट' म्हटलंय. बंडखोर करू?

इतिहासाचा मास्तर: छे, बंडखोर म्हणजे तुम्ही त्याला बढती दिलीत. 'दरोडेखोर'च लिहा. इंग्रजांच्या दप्तरात वासुदेव बळवंतही दरोडेखोरच आहेत, मराठी वाचकाला बरोबर समजेल.