मदत हवी आहे: कर्जात सहकर्जदार आहे, पण घराच्या दस्तात माझे नाव नाही

नमस्कार. प्रश्न सविस्तर लिहिते आहे, कारण एखादा तपशील राहिला की सल्लाच बदलतो, हे आतापर्यंत दोन-तीन जाणकारांशी बोलताना लक्षात आले आहे.

२०१७ साली आम्ही पुण्यात धायरी भागात ५४ लाखांचा फ्लॅट घेतला. सुरुवातीचे १२ लाख सासऱ्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून आले आणि करारनामा एकट्या यजमानांच्या नावे झाला. दुय्यम निबंधक कार्यालयात त्यांचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जात होता, तेव्हा मी दीड वर्षाच्या लेकीला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. आपणही आत असायला हवे, हे तेव्हा मनातसुद्धा आले नाही. उरलेल्या ४२ लाखांच्या कर्जाला मात्र त्यांचा एकट्याचा पगार पुरेना, म्हणून बँकेने माझे उत्पन्न धरले आणि सहकर्जदार म्हणून माझ्या सह्या घेतल्या. मुदत २० वर्षांची, हप्ता साधारण साडेछत्तीस हजारांचा.

जुलै २०२१ मध्ये यजमानांची नोकरी गेली. त्यांनी सुरू केलेल्या व्यवसायाचा जम अजून बसायचा आहे, आणि तेव्हापासून हप्ता माझ्या पगाराच्या खात्यातून जातो. पन्नासहून अधिक हप्ते झाले, म्हणजे १८ लाखांच्या वर रक्कम गेली. संसार दोघांचा आहे, त्यामुळे हप्ते भरल्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटले ते आमच्या कार्यालयातल्या लेखापालांसमोर. व्याजाची वजावट मिळावी म्हणून मी बँकेचे प्रमाणपत्र दिले, त्यावर आम्हा दोघांची नावे होती. त्यांनी इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा खरेदीदार-विक्रेत्यांची नावे असलेला उतारा, मागितला, खरेदीदाराच्या रकान्यावर पेनाचे टोक ठेवले आणि शांतपणे विचारले, “मॅडम, यात तुमचे नाव कुठे आहे?” जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, पण ती घराच्या मालकाला किंवा सहमालकाला, नुसत्या सहकर्जदाराला नाही.

त्या दिवसानंतर मी वाचायला लागले. बँकेच्या लेखी आम्ही दोघेही संपूर्ण कर्जाला बांधील आहोत. निम्मे-निम्मे असे काही नसते, आणि हप्ते थकले तर बँक सगळी बाकी माझ्या एकटीकडे मागू शकते. आपल्याकडे लग्नानंतर घेतलेले घर आपोआप दोघांचे होत नाही. दस्त ज्याच्या नावे, घर त्याचे. मला त्या घरात राहण्याचे संरक्षण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने आहे, हे खरे, पण राहण्याचा हक्क आणि मालकी या वेगळ्या गोष्टी आहेत. लिहिताना हात अडखळतो, पण यजमानांचे काही बरेवाईट झाले आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार मी, मुलगी आणि सासूबाई अशा तिघींना समान हिस्सा मिळेल. घर तिसऱ्या हिश्श्यापुरते माझे आणि कर्जाची संपूर्ण बाकी माझ्या डोक्यावर. कर्जाचा विमाही आम्ही काढलेला नाही.

सासऱ्यांचे म्हणणे असे की सोसायटीत माझे नामनिर्देशन करून टाकले की पुरे. मला ते पटत नाही, कारण नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. यजमान नाव लावायला तयार आहेत, मात्र “कर्ज फिटू दे, मग बघू” असे म्हणतात. कर्जाची १० वर्षेही अजून पुरी झालेली नाहीत.

माझी मुख्य अडचण दस्त कोणता करावा ही आहे. एका एजंटाने हक्कसोडपत्र सुचवले, पण ते सहमालकांमध्ये होते आणि मी मालकच नाही. पतीने पत्नीला राहत्या घराचे बक्षीसपत्र केले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, म्हणून सगळे तोच मार्ग सांगतात. पण बक्षीसपत्र म्हणजे विनामोबदला हस्तांतर. मी १८ लाख भरलेले असताना “कोणताही मोबदला न घेता, प्रेमापोटी” अशा मजकुराखाली सही केली, तर मी भरलेल्या पैशांचा पुरावा मी स्वतःच पुसून टाकते आहे का? उलट, भरलेले हप्ते हाच मोबदला असे लिहिले तर ती विक्री ठरून निम्म्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर पूर्ण शुल्क लागेल, असे वाटते. बक्षीसपत्र करून हप्त्यांच्या योगदानाची कबुली वेगळ्या करारात घेता येते का, आणि तो करार पुढे टिकतो का, हे कोणी सांगू शकेल का?

दुसरे असे की मूळ करारनामा बँकेकडे गहाण आहे. शाखेत विचारले तर “आधी दस्त करून आणा” असे तोंडी सांगण्यात आले. लेखी काही मिळाले नाही. बँकेच्या संमतीशिवाय दस्त नोंदवला, तर कर्जाच्या अटींचा भंग होईल अशी मला भीती वाटते. कर्ज चालू असताना पत्नीचे नाव ज्यांनी लावून घेतले आहे, त्यांनी कृपया क्रम सांगावा: बँकेचे पत्र आधी की दस्त आधी, पत्र मिळायला किती दिवस लागले, आणि पुणे महापालिका हद्दीत २०० रुपयांखेरीज कोणते अधिभार प्रत्यक्ष भरावे लागले.

माझ्याकडे २०२१ पासूनचे खातेउतारे, कर्जमंजुरीचे पत्र आणि इंडेक्स टूची प्रत आहे. २०१७ ते २०२१ या काळात मी घरखर्च चालवला आणि हप्ता त्यांच्या खात्यातून गेला. त्या वर्षांच्या किराणा, शाळा आणि औषधांच्या खर्चाला कायद्याच्या दृष्टीने काही वजन आहे का, हेही विचारायचे आहे. येत्या शनिवारी वकिलांकडे जाणार आहोत, यजमानही बरोबर येत आहेत.