आपण लावलेले गाण्यांचे अर्थ (अनुभव धागा)

मुखडा_विसरलो
काल कपाट आवरताना 'निवडुंग' सिनेमाच्या गाण्यांची जुनी कॅसेट सापडली. वाजवायला काही नाही, म्हणून फोनवर 'ती गेली तेव्हा' लावलं आणि आवरणं तिथेच राहिलं.

विशीत एकीनं नाही म्हटलं होतं. तेव्हापासून हे गाणं माझ्या मालकीचं. ती गेली, पाऊस पडत होता, सगळं जुळलं. (प्रत्यक्षात ती गेली तेव्हा रणरणतं ऊन होतं, पण ते जाऊ दे.) पुढे 'ती आई होती म्हणुनी' येतं ना, त्याचा मी लावलेला अर्थ: तिचं लग्न झालं, मूल झालं, आता ती कुणाची तरी आई आहे, म्हणून हा रडतोय! दहा-बारा वर्षं हेच. मित्रांना समजावूनही सांगायचो.

चार वर्षांपूर्वी आई गेली. काल ती ओळ आली आणि खालीच बसलो. सरळ 'आई' लिहिलंय हो. कवी ग्रेसांनी निदान या ओळीत काही लपवलं नव्हतं.

तुमचं असं कुठलं गाणं? लिहा.

टवाळ_टाळकं
लग्न झालं, मूल झालं!! हहपुवा. हसून झाल्यावर शेवट वाचला. सॉरी रे.

रातपाळी
त्याच कॅसेटवरचं 'केव्हातरी पहाटे'. लोक हळवे वगैरे होतात. मी सात वर्षं रात्रपाळी केली. 'मिटले चुकून डोळे' लागलं की मला साहेबांचा राउंडच आठवतो. सुरेश भटांनी हे आमच्याच खात्यासाठी लिहिलंय, वाद नको.

अर्धी_ओंजळ
भय इथले संपत नाही. महाश्वेता मालिका लागायची तेव्हा मी लहान. मला ऐकू यायचं 'बाई, इथले संपत नाही'. आई एकीकडे घर आवरत मालिका बघायची, त्यामुळे शंका आलीच नाही. अजूनही भांड्यांचा ढीग दिसला की तेच म्हणते.
पाणी जाईल, आले.

टवाळ_टाळकं
@अर्धी_ओंजळ, मूळ शब्दांपेक्षा खरं आहे हे 😂

सायली_नव्हे
दादा बाबांशी भांडून गेला तो दोन वर्षं आलाच नाही. फोन नाही. आई त्याचं नाव काढायची नाही, पण खिडकीत कावळा ओरडला की 'पैल तो गे काऊ' गुणगुणायची. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतला पाहुणा पंढरीराव आहे, हे मला शाळेत कळलं. आमच्याकडचा पाहुणा दादा होता. बाबा पेपर वाचत असायचे, पण ती गुणगुणायला लागली की पान उलटायचं थांबायचं.

आला तो रात्री साडेअकराला. कावळा नाही, काही नाही. बाबांनीच दार उघडलं.

आता दादा घरात आहे, तरी आईचं चालूच. मी एकदा विचारलं, आता कुणाची वाट बघतेस? म्हणाली, गप बस आणि पंखा बंद कर.

रातपाळी
पान उलटायचं थांबायचं... 🙏

जुनं_ते_सोनं
गाण्यांना वाट्टेल ते अर्थ चिकटवणं मला पटत नाही. कवीनं विचार करून लिहिलेलं असतं, आधी ते वाचा तरी. बाकी @मुखडा_विसरलो, कॅसेट टाकू नका. बरेच दिवस पडून असली तर टेप चिकटते, आधी पेन्सिल घालून सावकाश फिरवून घ्या. माझ्याकडे डेक आहे, पट्टा गेलाय.

मुखडा_विसरलो
मान्य. पण तो चुकीचा अर्थ नसता तर इतक्या वेळा ऐकलंच नसतं.
पट्टा मिळतो का अजून?

जुनं_ते_सोनं
शोधतोय. रबर बँड लावून पाहिला, सगळेच रडल्यासारखे गातात.

टवाळ_टाळकं
मग 'ती गेली तेव्हा' त्यावरच ऐका.

अर्धी_ओंजळ
पाणी गेलंच. बाई इथले...