सोसायटी मेन ग्रुप : बेसमेंटचा पंप आज चालवून बघा

*बी-१०२ (सकाळी ७.०५) :* नमस्कार मंडळी. अरबी समुद्रातलं वादळ कोकण किनाऱ्याला घासून वर सरकणार, आपल्या कोल्हापुरात परवापासून सोसाट्याचा वारा आणि मुसळधार पाऊस, असा हवामान खात्याचा इशारा आहे. कमिटीने काय तयारी केली ते कृपया कळवावे. गेल्या वेळचं पाण्यानं भरलेलं बेसमेंट सगळ्यांना आठवत असेलच.

*सचिव :* सुप्रभात. काळजी नसावी. कमिटी लक्ष ठेवून आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघतोय, इशारा पातळीच्या खूप खाली आहे.

*बी-१०२ :* लक्ष ठेवून पाणी थांबत नाही दादा.

*ए-३०४ :* सचिवसाहेब, बंधाऱ्याचा यात संबंध नाही. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे जुलै-ऑगस्टचं गणित. तेव्हा राधानगरी धरण भरलेलं असतं, पंचगंगा फुगते आणि जयंती नाल्याचं पाणी मागं सरकतं. २०१९ आणि २०२१ ला तेच झालं. आत्ता मे महिना आहे, नदी तळाला आहे. आता येणारं पाणी आपल्याच गच्चीवरून आणि रस्त्याच्या गटारीतून येणार. बंधाऱ्यावर अर्धा फूटही चढायच्या आत आपलं बेसमेंट भरलेलं असेल.

*ए-५०१ :* गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाक्या काठोकाठ भरून ठेवा. रिकामी टाकी वाऱ्यानं उडते.

*सी-२०३ :* हरिकेन नक्की कधी धडकणार आहे?

*सी-४०१ :* हरिकेन अटलांटिकात. आपल्याकडे चक्रीवादळ. वारा ताशी ६२ किमीच्या पुढं गेला की चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र चक्रीवादळ.

*सी-२०३ :* नाव काय बी असू दे, मधी सह्याद्री आडवा हाय की. कोल्हापूरला काय हुतंय?

*ए-३०४ :* किनाऱ्यावरचा जोर घाट चढून येत नाही, बरोबर. पण पत्रा उचलायला आणि गुलमोहराची फांदी मोडायला तेवढा जोर लागतच नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आणि पाऊस घाट बघून थांबत नाही.

*बी-१०२ :* पंप चालू आहे का, एवढंच विचारतेय मी.

*सचिव :* ताई, गेल्या पावसाळ्यात चालू होता.

*ए-३०४ :* म्हणजे आठ महिने बंद आहे. असा पंप ऐन वेळी चालू होत नाही, हे धरूनच चाला. आज वॉचमन मामांना घेऊन एवढं करा. आधी मेन स्विच बंद. मागचं पंख्याचं झाकण काढून शाफ्ट हातानं फिरवा. फिरला नाही तर आत गंज धरलाय, तसाच चालू केला तर नुसता घूं घूं आवाज करेल आणि वाइंडिंग जळेल. शाफ्ट मोकळा आहे आणि तरीही घूं घूं करतोय, तर कपॅसिटर गेलाय. तो स्वस्तात मिळतो, पण वादळाच्या रात्री दुकान उघडं नसतं. मोटर फिरते पण पाणी उचलत नाही, तर फूट व्हॉल्व्ह, म्हणजे सक्शन पाइपच्या तळाची झडप, गळतोय आणि सक्शनमध्ये हवा धरली आहे. वरच्या प्लगमधून पाइप भरेपर्यंत पाणी ओता. तरी नाही उचललं तर व्हॉल्व्ह काढून बघा, बहुतेक वेळा प्लास्टिकचा कागद अडकलेला असतो.

*ए-३०४ :* आणि फ्लोट स्विचची वायर पाइपला गुंडाळली गेली आहे, ती मोकळी करा. फ्लोट वर उचलला की पंप आपोआप चालू व्हायला हवा. खड्ड्यात पाच-सहा बादल्या पाणी ओतून बघा. हे बघितल्याशिवाय पंप चालू आहे असं कुणी ग्रुपवर लिहू नये, ही विनंती.

*खजिनदार :* पंपाचं कोटेशन जानेवारीपासून पडून आहे. ११ जणांचा मेंटेनन्स बाकी आहे. नावं टाकत नाही, ज्यांचं त्यांना माहीत आहे.

*बी-४०३ :* खजिनदारसाहेब, हा विषय इथं काढायची गरज नव्हती. पार्किंगचा निकाल लागला की मी त्याच दिवशी भरतो, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं आहे.

*खजिनदार :* मी तुमचं नाव घेतलंच नाही दादा.

*ए-५०१ :* टाक्यांचं कुणी मनावर घेतलं का? भरलेली हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन. ती जागची हलत नाही. वीज गेल्यावर पाणीही कामाला येतं.

*सचिव :* काकांची सूचना चांगली आहे. नोंद घेतली.

*सी-१०४ काकी :* गच्चीची किल्ली कुणाकडं हाय? आमची वाळवणं वर हायेत. सांडगे, कुरडया, सगळं.

*सी-४०१ :* काकी, वाळवण आजच खाली आणा. आणि कुरडया थोड्या इकडं पण द्या 😄

*बी-१०२ :* कृपया विषय भरकटवू नका. गच्चीवरच्या पाणी जायच्या पाइपांच्या जाळ्यांचं काय?

*ए-३०४ :* ताईंचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बी विंगची गच्ची अंदाजे ३००० चौरस फूट. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यावर जवळजवळ २८ हजार लिटर पाणी साठतं, आणि ते जाणार चार इंची चार पाइपांतून. त्यातले दोन थेट रॅम्पच्या तोंडाशी सुटतात. बेसमेंटचं मूळ दुखणं हे आहे, समुद्र नव्हे. त्या दोन पाइपांना खाली बेंड लावून पुढं दहा-बारा फूट पाइप जोडा आणि पाणी गेटबाहेर काढा. बेंड, पाइप, सोल्युशन, तासाभराचं काम. आणि वरच्या सपाट जाळ्या काढून घुमटाच्या बसवा. सपाट जाळीवर एक कॅरीबॅग किंवा गुलमोहराचा पाला बसला की तोंड पूर्ण बंद होतं. घुमटाच्या जाळीच्या बुडाशी कचरा साठला तरी वरनं पाणी जातं.

*सी-२०३ :* जाळी काढूनच टाकूया की. कटकटच नको.

*ए-३०४ :* अजिबात नको भावा. कचरा पाइपात उतरला तर दुसऱ्या मजल्याच्या बेंडला अडकतो. तो काढायला परांची बांधावी लागते.

*सचिव :* किल्ली बी विंगच्या वॉचमनकडे आहे.

*सी-१०४ काकी :* न्हाई, त्यो म्हणतोय सेक्रेटरींकडं हाय.

*बी-४०३ :* रॅम्पला वाळूची पोती लावायची का? मी आणतो.

*ए-३०४ :* हो, लावायचीच. रॅम्प १६ फूट रुंद आहे. फुटभर उंचीला तीन थर : खालचे दोन थर दुहेरी, वरचा एकेरी. सिमेंटची रिकामी पोती साधारण ४० लागतील, वाळू पाव ब्रास. पोतं गच्च भरू नका, अर्ध्याहून थोडं जास्त. गच्च पोतं दगडासारखं गोल बसतं आणि फटींतून पाणी येतं. सैल पोतं पायानं चेपलं की जागा धरतं. तोंड बांधू नका, दुमडून खाली दाबा. विटांसारखे सांधे चुकवत रचा आणि पाण्याच्या बाजूनं ताडपत्री घेऊन तिची कड खालच्या थराखाली घाला. पंपाचा डिलिव्हरी पाइप पोत्यांच्या बाहेर पडला पाहिजे, आतल्या गटारीत नको. नाहीतर तेच पाणी फिरून आत येतं.

*बी-४०३ :* झालं. संध्याकाळपर्यंत वाळू पडेल. पैसे नंतर बघू.

*खजिनदार :* बिल घ्या दादा, सोसायटीतून देऊ. आभार.

*ए-२०२ :* टू-व्हीलर पार्किंगच्या पत्र्यांवर विटा ठेवल्यात ना? मग पत्रे उडणार नाहीत.

*ए-३०४ :* विटा आधी काढा. पत्रा हलला की तीच वीट खाली कुणाच्या डोक्यात बसेल. पत्रा कडेनं आणि कोपऱ्यातनं उचलतो, मधून नाही. कडेच्या ओळीतले जे-बोल्ट बघा. डांबरी वॉशर तडकलेत, बोट लावलं तरी तुकडे पडतात. वॉशर गेला की भोक मोठं होतं, पत्रा खडखडतो आणि शेवटी बोल्टाच्या डोक्यावरनं फाटून निघतो. कडेला एकाआड एक नाळीला बोल्ट आहे, तिथं प्रत्येक नाळीला घ्या. रबरी वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू चालतील.

*ए-२०२ :* आणि गुलमोहर? तो निम्मा तोडून टाका म्हणते मी, दरवर्षीचा ताप.

*सी-४०१ :* वहिनी, झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. धोकादायक फांदीसाठी आजच अर्ज द्या. शेंडा छाटू नये, त्यानं नुसते कच्चे फुटवे येतात. वाळलेल्या आणि वीजतारेकडं गेलेल्या फांद्या काढाव्यात. नारळाच्या वाळक्या झावळ्या आणि नारळ मात्र लगेच उतरवा. आणि गाड्या गुलमोहराखाली आणि कंपाउंडच्या भिंतीलगत नकोत.

*ए-५०१ :* टाकी भरा, मग झाकणाला दोरी बांधा. झाकण पण उडतं.

*सी-२०३ :* काका, तिसऱ्यांदा आलं हे.

*ए-५०१ :* तिसऱ्यांदा लिहावं लागतंय, कारण पहिल्या दोनदा कुणी वर गेलं नाही.

*बी-१०२ :* काकांचं बरोबर आहे.

*ए-२०२ :* खिडक्यांना टेप लावू का, इंग्रजी एक्ससारखी?

*ए-३०४ :* त्यानं काच मजबूत होत नाही, फुटल्यावर तुकडे मोठे पडतात इतकंच. त्यापेक्षा स्लायडिंगच्या खालच्या रुळात बाहेरच्या बाजूला बारीक भोकं आहेत ती बघा. धूळ आणि रंगानं बुजलेली असतात. जुना टूथब्रश घेऊन घासा, तारेनं टोचा, मग तांब्याभर पाणी रुळात ओता. पाणी बाहेर गेलं तर ठीक. आत साठलं तर पाऊस जोराचा लागल्यावर तेच पाणी सोफ्याखाली येणार. बाल्कनीतल्या कुंड्या, कपड्यांचे स्टँड आत घ्या.

*सचिव :* लिफ्टचं कसं करायचं?

*ए-३०४ :* वारा सुरू झाला की लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर नेऊन मेन बंद. पाणी खड्ड्यात उतरतं, केबिन खाली असेल तर भिजते. वर असली तर वाचते. जनरेटर बेसमेंटमध्ये चालवायचा नाही, धुराचा वास येईपर्यंत माणूस गुंगलेला असतो. आणि मीटरच्या पेटीजवळ पाणी आलं तर कुणी हात लावायचा नाही, महावितरणला १९१२ वर कळवायचं. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७.

*बी-४०३ :* जमिनीखालच्या टाकीचं झाकण पण सील करा ना. गेल्या वेळी गटारीचं पाणी शिरलं होतं.

*ए-३०४ :* हो, रबरी पट्टी आणि वरून प्लास्टिक बांधा. तरी शिरलं असं वाटलं तर ते पाणी वापरू नका, टाकी उपसून धुऊन पुन्हा भरा. मग हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून, निवळी ओता. गाळ नको. तासाभरानं वापरा. पिण्याचं उकळूनच.

*सी-१०४ काकी :* किल्ली घावली. सेक्रेटरींच्या स्कूटरच्या डिकीत हुती.

*सचिव :* क्षमस्व. दुपारी ४ वाजता बेसमेंटला या, पंप चालवून बघू. प्लंबरला जाळ्या आणि बेंडचं सांगितलं आहे.

*बी-१०२ :* धन्यवाद. व्हिडिओ टाका, पाणी बाहेर पडताना दिसलं पाहिजे.

*सचिव (सायं. ५.१०) :* पंप जाम होता, शाफ्ट मोकळा केला. कपॅसिटर बदलला. आता उचलतोय. व्हिडिओ टाकतोय.

*बी-१०२ :* 🙏

*ए-५०१ :* ए आणि बी विंगच्या टाक्या भरल्या. सी विंगची अजून अर्धीच आहे.