दारूचा पेशंट म्हटलं की ‘नाटकं करतोय’! तुमच्या वॉर्डात काय चालतं?

नाइटवाली
मेल मेडिकलला स्टाफ नर्स आहे. परवा ओव्हर (शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती) घेताना सात नंबरच्या पेशंटबद्दल एवढंच कळलं, "पिऊन पडला, डोक्याला टाके आहेत, रात्री डोकं खाईल." शेवटची कधी घेतली, पल्स किती, काही नाही. मध्यरात्री बघते तर स्वारी चादरीवरून नसलेले किडे वेचतेय, घामाने निथळतेय, पल्स १२८. सोबतच्या सिस्टर म्हणाल्या, "नाटकं आहेत, हात बांध." मी ड्युटी डॉक्टरांना बोलावलं. शुगर बघितली, लोराझेपाम (शांत करणारं औषध) आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) गेलं, डोक्याचा सीटीही झाला. पहाटे झोपला.

सकाळी त्याच सिस्टर शेजारच्या आजोबांना लाडाने रागवत होत्या. ते गोड खाऊन शुगर चढवून आलेले! त्यांना लाड आणि याला दोरी?

ज्युनिअर आहे. भांडण न होता हे बोलायचं कसं?

आयसीयूतली जुनी
बोलायच्या फंदात पडू नकोस, विचारत जा. ओव्हरला दरवेळी एकच प्रश्न: शेवटची कधी घेतली? रोजची दारू अचानक तुटली की फिट यायची भीती साधारण पहिले ४८ तास, डीटी (भास, भ्रम, थरथर) बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणजे ॲडमिशनला गप्प असलेला पेशंट नंतरच्या शिफ्टला भडकतो. सीवा चार्ट (दारू तुटल्याच्या त्रासाला गुण देणारा तक्ता) लाव. थरथर, घाम, मळमळ, भास, सगळ्याला आकडा पडतो. आकड्याला नाटक म्हणायची कोणाची टाप नाही. आणि ग्लुकोजच्या बाटलीआधी थायमिन गेलंय ना, तेवढं बघत जा.

कॅज्युअल्टी
सगळं बरोबर, पण माझं मनगट पिरगळलं होतं तेव्हा सिक्युरिटी चहाला गेलेली. एकीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड, त्यात तोच माणूस पुन्हा पुन्हा पिऊन येतो. माया कुठून आणायची?

नाइटवाली
माया नकोच हो ताई, दोन तासांनी पल्स बघितली तरी पुरे. मनुष्यबळाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, ते मेट्रनच्या कानावर घालायलाच हवं. पण डोस वेळेवर गेला असता तर माझ्या सात नंबरला बांधायची भाषाच निघाली नसती.

एक बायको
मी नर्स नाही, तरी लिहिते. यांना ॲडमिट केलं तेव्हा सिस्टरनी सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, "काय, रोज ढोसता का?" यांनी ठोकून दिलं, "आठवड्यापूर्वी घेतली होती." सकाळीच क्वार्टर संपवलेली! मी बोलायला गेले तर डोळे वटारले. संध्याकाळच्या सिस्टरनी पडदा ओढला, हळू आवाजात म्हणाल्या, "औषध ठरवायला हवंय, रोज किती लागते?" यांनी ब्रँडसकट सांगितलं.

आयसीयूतली जुनी
वहिनी, हे आमच्या ट्रेनिंगला येऊन सांगा.

नाइटवाली
पडद्याचं आज रात्रीपासूनच करते. जुन्या ताई, सीवाचा मराठीतला चार्ट असेल तर टाकाल का इथे?