मदत हवी आहे: आईचे दात हलतायत, पण रक्त येत नाही. हा पायोरिया म्हणजे हिरड्यांचा आजारच का?

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६३, आम्ही पुण्यात धायरीला राहतो. तिच्या खालच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडलीय आणि जिभेने ढकललं तरी ते हलतात. हिरड्या खाली सरकल्यामुळे दात लांबुडके दिसतात, तोंडाला वास येतो. दुखत मात्र नाही, ब्रश करताना रक्तही येत नाही. त्यामुळे तिचं एकच पालुपद, "वय झालं की दात हलणारच." तिला डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. शिवाय लग्नाआधीपासून मिश्री लावते.

जवळच्या दवाखान्यात नुसता आरसा घालून पाहिलं आणि दोन्ही दात काढून टाका म्हणाले. एक्स-रे नाही, काही नाही. न तपासता दात काढायचे हे मला अजिबात पटत नाहीये. नेमकी कोणती तपासणी करून घ्यायची? आणि सफाई केली की दात आणखी ढिले होतात म्हणतात, ते खरं का?

प्रतिसाद १

ताई, रक्त येत नाही यावर अजिबात विसंबू नका. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूने हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत आजार वाढत असला तरी रक्त कमी येतं. माझ्या सासूबाईंचं हेच झालं होतं.

हिरड्यांत एमडीएस (बीडीएसनंतरची पदवी) केलेले डॉक्टर गाठा, त्यांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात. ते खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. ३ मिमीपर्यंत ठीक. ४ किंवा जास्त भरली तर पॉकेट झालंय का, म्हणजे हिरडी दातापासून सुटून खोल खाच पडलीय का, ते बघतात. हाड किती झिजलंय ते एक्स-रेत कळतं. दात वाचेल की नाही हे त्यानंतर ठरवायचं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणीसुद्धा करून घ्या, कारण साखर चढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात येणं अवघड जातं.

तुम्हाला कात्रज-धनकवडीचं भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज जवळ पडेल.

प्रतिसाद २

सफाईने दात ढिले होत नाहीत. कीटण जाऊन सूज उतरली की फटी उघड्या पडतात, म्हणून काही दिवस तसं वाटतं. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, मनाने बंद करू नका.