दहा-बारा माणसं आणि तीन हजार गुरं, काऊबॉय लोकांना हे जमायचं कसं?

गोठेकर_सागर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन म्हशी, एक जर्सी आणि एक कालवड आहे. परवा त्यांना ओढ्यापलीकडच्या रानात न्यायचं होतं, अंतर जेमतेम दीड किलोमीटर, मी, आई आणि चुलतभाऊ असे तिघं होतो तरी कालवड बुजली, दावं हिसडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात घुसली आणि मग अर्धा तास नुसती पळापळ. त्याच रात्री मोबाईलवर टेक्सासच्या काऊबॉय लोकांबद्दल वाचत होतो तर तिथं लिहिलंय की 10-12 माणसं अडीच-तीन हजार गुरं हजार-बाराशे किलोमीटर चालवत न्यायची. ना वेसण ना दावं. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

पिक्चरमधली बंदूकबाजी नकोय, ती भरपूर बघितली. मला कामाचं सांगा. गुरं पांगायची कशी नाहीत, माणसं झोपायची कधी, खायची काय, पगार किती, आणि वाटेत गाय व्याली तर काय करायचे? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

फोर्टवर्थकर

सागर, प्रश्न फार आवडला कारण तू कामाचं विचारलंस. मला इथे टेक्सासला येऊन 14 वर्षं झाली. आमच्या फोर्टवर्थच्या स्टॉकयार्ड्समध्ये, म्हणजे गुरांच्या जुन्या बाजारात, रोज दोनदा लाँगहॉर्न गुरांचा छोटा कळप रस्त्यावरून फिरवतात, पाहुणे आले की मी दाखवायला नेतो. एकदा अगदी कडेला उभा होतो. शिंगांची जोडी अशी पसरलेली की माझे दोन्ही हात ताणले तरी कमी पडतील, पण माझं लक्ष घोडेस्वारांकडे होतं. ते काहीच करत नव्हते. ओरडणं नाही, चाबूक नाही, फक्त ठरावीक अंतर राखून चालत होते आणि एखादं जनावर बाजूला वळायला लागलं की घोडा दोन पावलं पुढे. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1865 ला तिकडचं यादवी युद्ध संपलं. चार वर्षं माणसं लढाईवर, त्यामुळे टेक्सासमध्ये गुरं रानोमाळ वाढून अर्धी जंगली झालेली. तिथे एका जनावराला 4 डॉलर मिळायची मारामार आणि उत्तरेकडच्या शहरांत तेच 40 डॉलरपर्यंत जायचं. पण मधे रेल्वे नव्हती, म्हणून गुरं उत्तरेकडच्या कॅन्सस राज्यातल्या रेल्वेपर्यंत चालवत न्यायची. 1867 मध्ये जोसेफ मकॉय नावाच्या व्यापाऱ्याने अ‍ॅबिलीन गावात रुळांशेजारी गुरांचे वाडे बांधले आणि चिझम ट्रेल नावाची गुरांची वाट धावायला लागली. पुढच्या वीसेक वर्षांत सगळ्या वाटांनी मिळून 50 लाखांच्या वर गुरं उत्तरेला गेली असं धरतात.

आता काम. ते गुरं हाकायचेच नाहीत रे, चारत चारत न्यायचे. दिवसाला 15 ते 25 किलोमीटर, बस. जास्त पळवलं तर वजन उतरणार आणि कॅन्ससला भाव पडणार, म्हणून मालकाची सक्त ताकीद असायची की जनावराला आपण स्वतःच्या मनाने चाललोय असं वाटलं पाहिजे. कळप लांबच लांब रांगेत, दोन-दोन किलोमीटर पसरलेला. पुढे दोन्ही बाजूंना पॉइंटवाले, ते सगळ्यात अनुभवी, त्यांच्या मागे स्विंग, मग फ्लँक, आणि शेवटी ड्रॅग. ड्रॅग म्हणजे लंगडी, दमलेली, आळशी गुरं पुढे ढकलणारी नवी पोरं. तीन हजार जनावरांच्या खुरांची सगळी धूळ यांच्या नाकातोंडात. तो गळ्यातला रुमाल स्टाइलसाठी नव्हता, नाकावर बांधायला होता. संध्याकाळी ड्रॅगवरून आलेल्या पोराच्या भुवयांवर आणि मिशीवर धुळीचा थर बसलेला असायचा.

पुढे चालणारं जनावर चांगलं मिळालं की निम्मं काम झालं. चार्ल्स गुडनाइट म्हणून मोठा रँचवाला, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणाचा मालक होता, त्याच्याकडे ओल्ड ब्लू नावाचा बैल होता, त्याच्या गळ्यात घंटा. घंटेचा आवाज आला की कळप निघणार. रात्री घंटेची जीभ बांधून ठेवायचे म्हणजे गुरं उठून चालायला लागू नयेत. हा बैल कॅन्ससला जाऊन खाटकाकडे न जाता परत यायचा, वर्षानुवर्षं. त्याची शिंगं अजून टेक्सासमधल्या कॅन्यन गावच्या म्युझियममध्ये आहेत.

व्यालेल्या गायीचं विचारलंस. बाजाराला जाणाऱ्या कळपात खच्ची केलेले बैलच जास्त असायचे, पण गायी असल्या की रोज सकाळी दोन-चार वासरं झालेली असायची. वासरू इतकं चालू शकत नाही. बहुतेक कळपांत ते तिथेच मारून टाकायचे आणि हे काम कुणाला आवडायचं नाही. गुडनाइटने त्यांच्यासाठी वेगळी गाडी केली, तर संध्याकाळी गायी वासरांना जवळ घेईनात, कारण गाडीत सगळ्यांचे वास एकमेकांना लागले होते. मग त्याने प्रत्येक वासराला वेगळं पोतं केलं, खूण केलेलं, रोज तेच वासरू त्याच पोत्यात. तू गोठ्यात राहतोस म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

गोठेकर_सागर

पोत्याचं वाचून आईला सांगितलं. ती म्हणाली बरोबर आहे, गाय डोळ्याने नाही वासाने ओळखते. दादा, रात्रीचं सांगा ना, कुंपण नाही तर रात्री गुरं थांबायची कशी?

पशुवैद्य_सांगली

रात्रीचं मी सांगते. पोटभर चरलेलं आणि पाणी प्यालेलं जनावर संध्याकाळी रवंथ करायला बसतंच. म्हणून ट्रेल बॉस, म्हणजे वाटेवरचा म्होरक्या, दिवसभर पुढे जाऊन गवत आणि पाणी शोधून ठेवायचा, बसवायची जागा जरा उंच आणि कोरडी बघायचा. तेवढं जमलं की कुंपणाची गरज कमी होते. मग दोघं घोडेस्वार कळपाभोवती गोल फिरायचे, एक डावीकडून एक उजवीकडून, साधारण दोन-दोन तासांची पाळी. आणि फिरताना गाणी म्हणायची, संथ चालीची, बरीचशी चर्चमधली. गुरांना संगीत आवडतं म्हणून नव्हे, अंधारात माणूस कुठे आहे ते सतत ऐकू येत राहावं म्हणून. अचानक समोर आलेल्या सावलीने जनावर बिथरतं. आमच्याकडे दवाखान्यातसुद्धा मी गायीच्या मागून जाताना बोलत बोलतच जाते, नाहीतर लाथ ठरलेली.

मध्यरात्रीच्या सुमाराला सगळा कळप एकदा उठतो, आळस देतो आणि कूस बदलून परत बसतो. तो वेळ धोक्याचा. त्यात विजा चमकायला लागल्या, कुणी काडी ओढली, घोड्याने अंग झाडलं, काहीही पुरायचं, तीन हजार जनावरं एका क्षणात उभी राहून धावत सुटायची. वादळी हवेत शिंगांच्या टोकांवर निळसर उजेड दिसायचा असं त्या लोकांनी लिहून ठेवलंय, तो खरा असतो, हवेतल्या विजेने होतो. अशा वेळी अंधारात, बिळांनी भरलेल्या माळावर, घोडा भरधाव सोडून पुढच्या गुरांच्या बाजूला जायचं आणि त्यांना वळवत वळवत अख्ख्या कळपाचं गोल रिंगण करायचं, म्हणजे ती आपोआप दमून थांबतात. पाय बिळात जाऊन घोडा कोलमडला की स्वार खुरांखाली. गोळी लागून मेले त्यापेक्षा घोड्यावरून पडून, रिकिबीत पाय अडकून फरफटत, पूर आलेल्या नदीत बुडून किंवा वीज पडून मेलेले कितीतरी जास्त.

झोप म्हणाल तर चार-पाच तास, तीही तुकड्यांत आणि बूट काढले तर काढले. पाळीवर डुलकी लागू नये म्हणून काही जण तंबाखूचा रस डोळ्यांना लावायचे. वाचताना माझेच डोळे चुरचुरले.

माझ्या विषयातली आणखी एक गोष्ट. या टेक्सासच्या गुरांच्या अंगावर गोचीड असायचे आणि त्यांच्यातून गोचीडताप पसरायचा. लाँगहॉर्नला लहानपणापासून सवय, त्यांना काही होत नसे, पण ती ज्या वाटेने गेली तिथली स्थानिक गुरं पटापट मरायची. म्हणून कॅन्ससचे शेतकरी बंदुका घेऊन कळप अडवायचे आणि 1885 मध्ये तर त्या राज्याने टेक्सासच्या गुरांना बंदीच केली. काऊबॉय आणि शेतकऱ्यांच्या भांडणात जितका वाटा जमिनीचा होता तितकाच या गोचिडाचा. कारण गोचीड आहे हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या संशोधकांनी 1893 ला सिद्ध केलं, रोनाल्ड रॉसला डासात मलेरिया सापडायच्या चार वर्षं आधी. आणि पुढे गोचिडाला आणि उन्हाला दाद न देणारं जनावर हवं म्हणून तिकडे आपल्याकडचे वशिंडवाले वळू नेले, अमेरिकन ब्राह्मण जात तयार झाली, तिच्यात गीर, कांक्रेज, ओंगोल यांच्या जोडीला आमच्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली जातसुद्धा आहे. इथे सांगलीत ती आता शोधावी लागते, याचं फार वाईट वाटतं.

लेबर_डायरी

पगाराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. साध्या काऊबॉयला महिन्याला 25 ते 40 डॉलर, स्वयंपाक्याला त्याहून जास्त, ट्रेल बॉसला 100 च्या वर. घोडे मालकाचे, प्रत्येकाला सहा ते दहा, कारण एका घोड्याने दिवस निघत नाही. पण खोगीर स्वतःचं, आणि बरं खोगीर म्हणजे महिनाभराचा पगार तिथेच संपला. अडीच-तीन महिन्यांचा पगार कॅन्ससला पोचल्यावर एकदम हातात, आणि त्या गावांतली सगळी दुकानं, गुत्ते, जुगाराचे अड्डे तो पगार काढून घ्यायलाच उभे. हिवाळ्यात बहुतेकांना कामावरून कमी करायचे. मग या रँचवरून त्या रँचवर दोन घासांसाठी फिरत राहायचं. ज्यांना ठेवून घ्यायचे ते हद्दीवरच्या खोपटात, दोघं दोघं, बर्फात, महिनोन्‌महिने तिसऱ्या माणसाचं तोंड नाही.

आणि हे लोक संपावर गेले होते हे फार कमी जणांना माहीत आहे. 1883 चा वसंत, टेक्सासचा उत्तरेकडचा पट्टा ज्याला पॅनहँडल म्हणतात. तोपर्यंत जुने मालक काऊबॉयला स्वतःची चार गुरं, स्वतःचा डाग ठेवू द्यायचे, म्हणजे आज ना उद्या आपणही मालक होऊ ही आशा होती. मग पूर्वेकडच्या आणि परदेशातल्या कंपन्यांनी रँच विकत घेतले आणि ती मुभा काढून घेतली. तेव्हा 24 जणांनी सही करून मागणी केली, महिन्याला 50 डॉलर, स्वयंपाक्यालासुद्धा तेवढेच. पुढे बरेच जण सामील झाले. दोन-अडीच महिन्यांत संप मोडला, कारण काम मागायला नवी पोरं रांगेत उभी होती आणि संपवाल्यांकडचे पैसे संपले. माझ्या मते काऊबॉयची खरी गोष्ट ही आहे. दिवसाला सोळा-अठरा तास राबणारा हंगामी मजूर, ज्याच्या नावावर ना जमीन ना जनावर.

नंतर 30 लाख एकरांचा एक्सआयटी रँच झाला, तिथे तर नियमच होते, पिस्तूल बाळगायचं नाही, दारू नाही, जुगार नाही. पिक्चरमधला काऊबॉय तिथे पहिल्या दिवशी घरी गेला असता. 1874 ला जोसेफ ग्लिडनला पेटंट मिळालेली काटेरी तार सगळीकडे पसरली, 1886-87 च्या हिवाळ्यात उत्तरेच्या माळावर गुरं थंडीने आणि उपासाने लाखांनी मेली, आणि मोकळ्या कुरणांचा धंदा बसला. काऊबॉय राहिले, पण कुंपणाचे खांब पुरायला आणि चारा कापायला.

वाघरवाला

आम्ही मेंढपाळ, दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतो, म्हणून हा धागा दोनदा वाचला. रात्रीची राखण, धुळीत मागे चालणारं पोर, पुढे पाण्याच्या शोधात गेलेला जाणता माणूस, सगळं ओळखीचं वाटलं. फरक एवढाच की आमच्यात घोड्यावर बिऱ्हाड असतं, बायको-पोरं, कोंबड्यासुद्धा बरोबर असतात आणि मेंढरं आपली स्वतःची. त्यांच्यात घरचं कुणीच नाही, तीन महिने, हे वाचून कसंतरीच झालं. जेवणाचं कुणीतरी लिहा, चूल कोण पेटवायचं?

फोर्टवर्थकर

दादा, चुलीसाठी वेगळी गाडीच असायची, चक वॅगन. ती 1866 मध्ये त्याच गुडनाइटने काढली, लष्कराची जुनी भक्कम गाडी घेऊन मागे कप्प्यांचं कपाट बसवलं, कपाटाचं दार खाली पाडलं की ओटा तयार. स्वयंपाकी पहाटे तीनला उठणार. बीन्स, खारवलेलं डुकराचं मांस, आंबवलेल्या पिठाचे पाव आणि काळी कॉफी, हेच सकाळी आणि हेच रात्री. हजारो गुरं सोबत आणि दूध नाही, कारण त्या गायी कासेला हात लावू देतील तर ना. माळावर लाकूड मिळायचं नाही तेव्हा रानात वाळलेलं शेण गोळा करायचं, त्यासाठी गाडीच्या खाली कातड्याची झोळी टांगलेली. आपल्या गोवऱ्याच की त्या, फक्त थापलेल्या नाहीत.

झोपायच्या आधी स्वयंपाकी आकाशात ध्रुवतारा बघून गाडीची दांडी त्या दिशेला वळवून ठेवायचा. सकाळी ढग असले तरी उत्तर कुठे ते कळावं म्हणून.

गोठेकर_सागर

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं, हे सगळे गोरेच होते का? फोटोत तसंच दिसतं.

फोर्टवर्थकर

नाही रे. हे काम मुळात मेक्सिकोच्या वाकेरो, म्हणजे घोडेस्वार गुराखी लोकांचं, लासो (फासाचा दोर), रोडिओ (काऊबॉयचे खेळ), रँच हे शब्दसुद्धा त्यांच्या स्पॅनिशमधून आलेत. आणि टेक्सासमधून निघणाऱ्या काऊबॉयपैकी साधारण चारातला एक काळा होता असं धरतात, बरेचसे आधी गुलाम असलेले. माझ्या घरापासून तासाभराच्या आत वेदरफर्ड गाव आहे, तिथल्या ग्रीनवुड दफनभूमीत बोस आयकार्डची समाधी आहे. गुलामीत जन्मला, युद्धानंतर गुडनाइटबरोबर चार वर्षं ट्रेलवर होता, गुडनाइट आपले पैसे सांभाळायला याच्याकडे द्यायचा. 1929 ला बोस गेला तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या गुडनाइटने दगड बसवून घेतला. त्यावर कोरलंय की त्याने कधी कामात कुचराई केली नाही, हुकूम मोडला नाही आणि किती तरी वेळा उधळलेल्या कळपात तो माझ्या बरोबरीने घोड्यावर होता. मागच्या वर्षी मुलीला घेऊन गेलो होतो, तिने दगडावरचं प्रत्येक अक्षर बोट फिरवत वाचलं.